धुतलेला कोपरा

डॉक्टर साळवीबाईंनी काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "देवकर, काय दिसतंय सांगा."

"दूध," गजामामा म्हणाले.

"तुमचं रक्त आहे."

मामांनी चष्मा लावला. नळी हातात घेतली, तिरकी केली, सरळ केली. आयुष्यभर लोकांचं सोनं पारखलेला माणूस; वस्तू हातात आल्याशिवाय मत देत नसे. नळीच्या तळाला लाल गाळ बसला होता आणि त्याच्यावर दोन बोटं पांढरं, दाट, सायीसारखं काहीतरी होतं.

"म्हशीचं दिसतंय," मामा म्हणाले.

मी हसलो. मामी हसल्या नाहीत. बाईंनी नळी परत घेतली.

"रक्त यंत्रात फिरवलं की लाल पेशी खाली बसतात. वर उरतं ते लिंबाच्या सरबतासारखं हवं, आरपार दिसणारं. तुमच्यात चरबी तरंगतेय. तिला ट्रायग्लिसराइड म्हणतात. दीडशेच्या आत असावं. तुमचं अकराशे चाळीस आहे."

"अवो बाई, तूप सोडून दोन वर्सं झाली मला. तेलाचा थेंब न्हाई. विचारा हिला."

"मग खाता काय?"

"काय न्हाई. च्या."

"किती?"

"बारा-चौदा कप."

"साखर घालून?"

"साखर घातल्याबिगर त्याला च्या कसं म्हणायचं?"

त्यानंतर बिस्किटं निघाली, पाव निघाला, फळांचा रस निघाला. हे सगळं तूप सोडल्याची भरपाई म्हणून चालू होतं. शेवटी बाईंनी विचारलं, "आणि संध्याकाळी?"

मामांनी छताकडं पाहिलं. "औषधापुरती."

"केवढं औषध?"

"क्वार्टर," मी म्हणालो. मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच ती रोज पाजत होतो.

"देवकर, साखर, मैदा आणि दारू पोटात गेली की यकृत त्याचीच चरबी करून रक्तात सोडतं," बाई म्हणाल्या. "तूप सोडलंत, चांगलं केलंत. पण हजाराच्या वर आकडा गेला की हृदयाआधी मला स्वादुपिंडाची भीती वाटते. ते जठराच्या मागं असतं. एकदा सुजलं की स्वतःलाच पचवायला लागतं. आधी सांगत नाही. एखाद्या चांगल्या जेवणानंतर एकदम दुखायला लागतं आणि मग आमच्याही हातात फार राहत नाही."

"जगतंय का त्यातनं माणूस?" मामींनी विचारलं.

"बरेच जगतात."

"बरेच," मामी म्हणाल्या. एवढंच. मग नवऱ्याकडं वळल्या. "गोळ्या घ्यायच्या. बाई सांगत्यात ते पाळायचं. तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आन् कागद मला लावून द्यायचा. आकडा एकदा जरी पाचशेच्या वर दिसला, त्या दिवशी मदुराईचं दुकान बंद. गावाकडं येऊन बसायचं. भैरोबाची आन हाय मला."

आमचं गाव विट्याजवळ. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. देशात कुठल्याही सराफ बाजारात जा, एका बोळात काळवंडलेली भिंत, भट्टी आणि तेजाबाचा वास आला की आत आमच्याकडचा माणूस बसलेला असतो. जुने दागिने वितळवायचे, सोनं शुद्ध करून द्यायचं. मामा तीस वर्षं मदुराईत होते. तिथं त्यांना शेठ म्हणत. गावात त्यांना दोन भाऊ, सात म्हशी आणि कोपऱ्यातलं एक बाजलं होतं. मामींनी नेम बरोबर धरला होता.

मी त्यांच्या बहिणीचा मुलगा, उद्धव. बाविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली गेलो. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकानं सोन्याची लगड पुढं ठेवली. मी तिचा कोपरा कसोटीच्या दगडावर घासला. झकास पिवळा कस उतरला. मामांनी सगळ्यांसमोर माझ्या टाळक्यात मारली.

"त्यानं पुढं केलेल्या कोपऱ्यावर कस लावतो व्हय? कोपरा घरनं तेजाबात धुऊन आणलेला असतोय. मधनं काप."

मधून कापली. आत तांबं होतं. गिऱ्हाईक लगड उचलून गेलं, ते परत आलं नाही. मामी तेव्हा मदुराईतच असत. दुपारचा डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते सगळं पाहिलं. पुढं कितीतरी वर्षं मी भाजीला गेलो की त्या मागून ओरडत, "उद्ध्या, वांगी मधनं काप."

हे झालं धंद्याचं. आता तब्येतीचं.

मदुराईला परतल्यावर मामांनी गोळ्यांची पाकिटं तेजाबाच्या बाटल्यांशेजारी फळीवर नीट मांडून ठेवली. मांडणी सुंदर होती. तीन महिने ती कोणी मोडली नाही. चहा चालू, रस चालू, संध्याकाळचं औषध चालू. मी दोन-तीनदा बोललो. मामा म्हणाले, "तारीख लांब हाय अजून."

तारखेच्या सहा दिवस आधी मामांनी भट्टीसमोर जाहीर केलं, "आजपास्नं बंद."

आणि खरोखर बंद केलं. हा माणूस मनावर घेतलं तर काय करू शकतो हे मी त्या सहा दिवसांत पाहिलं. सकाळी गोळी. चहा बिनसाखरेचा, तोही एकच. दुपारी उकडलेला दुधी, मूठभर मूग, काकडी. संध्याकाळी मोठ्या तळ्याभोवती चार फेऱ्या, घामानं सदरा अंगाला चिकटेपर्यंत. बाटली कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं. चौथ्या दिवशी ते रागानं लाल झाले होते, तरी किल्ली मागितली नाही. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण आलं, ते त्यांनी माझ्याकडून परत पाठवलं.

सातव्या सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. संध्याकाळी कागद आला. दोनशे शहाऐंशी.

"बघितलं?" मामा म्हणाले. "उगं घाबरवत्यात."

खरं तर संध्याकाळपर्यंत कोण थांबलं होतं! सकाळी प्रयोगशाळेतून बाहेर पडलो तेव्हाच, दंडावरचा कापसाचा बोळा तसाच ठेवून, मामा समोरच्या दुकानात शिरले होते. मदुराईत जिगरठंडा म्हणून एक पेय मिळतं: आटवलेलं दूध, साखरेचा पाक, वर आइस्क्रीमचा गोळा. मामांनी दोन मोठे ग्लास घेतले. दुसरा संपवताना म्हणाले, "रक्त देऊन अशक्तपणा येतोय."

कागद कुरिअरनं गेला. चार दिवसांनी साळवीबाईंचा मला फोन आला. मामींनी माझा नंबर दिला होता.

"उद्धव, अकराशेवरून पावणेतीनशे. गोळी चांगलीच लागू पडली म्हणायची. दारू सुटली?"

"सुटली होती."

"म्हणजे?"

"सुटली, बाई."

"साखर?"

"सुटली."

"हे खरं आहे ना? मी त्यावर पुढची गोळी ठरवणार आहे."

समोर मामा होते. मूस चिमट्यात धरून भट्टीतून काढत होते, आणि माझ्याकडं न बघता ऐकत होते. दुकान त्यांच्या नावावर होतं. ते बंद झालं असतं तर मला गावाकडं दीड एकरात उभं राहावं लागलं असतं. हे मी स्वतःला त्या क्षणी सांगितलं नाही. पण ते मला माहीत होतं.

"खरं आहे," मी म्हणालो.

मग त्याची पद्धतच पडून गेली. तीन महिन्यांनी सहा दिवस. दुसऱ्या वेळी दोनशे एक्केचाळीस, तिसऱ्या वेळी एकशे अठ्ठ्याण्णव. आमचा हात बसत चालला होता. गावाकडं मामींनी प्लॅस्टिकची एक पारदर्शक पिशवी आणली होती. प्रत्येक कागद तिच्यात जाई आणि पिशवी देव्हाऱ्याखालच्या फळीवर. साळवीबाईंनी गोळी निम्मी केली. न घेतलेली गोळी निम्मी झाल्याचा मामांना फार आनंद झाला.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. मी त्या पाहिल्या आणि पाहिल्याच नाहीत असं केलं.

एक म्हणजे त्यांच्या कोपरांवर पुरळ उठलं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे पिवळट ठिपके, खाजत नव्हते, दुखत नव्हते. "भट्टीची धग," मामा म्हणाले आणि बाह्या खाली करून बसायला लागले. सहा दिवस पाळले की आकडा उतरायचा. पुरळ मात्र उतरलं नाही.

दुसरी गोष्ट दिवाळीच्या पाडव्याची. दुपारी जेवण करून दुकानात बसले होते. बोलता बोलता गप्प झाले. दोन्ही हात पोटावर घेतले आणि हळूहळू पुढं वाकले, कपाळ मेजाला टेकेपर्यंत.

"मामा?"

"गप."

"काय झालं?"

"गॅस."

"कुठं दुखतंय?"

"हितं," त्यांनी बरगड्यांच्या खाली बोट ठेवलं. "आन् आरपार पाठीत. कुणी सळई घातल्यावाणी."

सव्वा तास ते तसेच वाकून होते. सरळ बसलं की दुखे, वाकलं की कमी होई. मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो होतो. दुसरं काही करायचं सुचलं नाही. मग ते उठले, तोंड धुतलं, आरशात पाहिलं.

"मामीला सांगशील?"

"डॉक्टरला दाखवूया."

"मामीला सांगशील का इचारलं मी."

"नाही."

"मग च्या सांग दोन."

चैत्रात भैरोबाची यात्रा. त्या आठ दिवसांत देशभरातले गलाईवाले गावात उतरतात. आम्ही यात्रेच्या तीन दिवस आधी पोचलो, कारण वर्षाचा शेवटचा कागद साळवीबाईंच्या इथं व्हायचा होता. रेल्वेत मामांनी काकडीशिवाय काही खाल्लं नाही. समोरच्या कुटुंबानं लाडू पुढं केले तेव्हा हात जोडून म्हणाले, "पथ्य आहे." त्या कुटुंबाला मोठं कौतुक वाटलं.

सकाळी रक्त दिलं, दुपारी कागद आला. एकशे चौसष्ट.

साळवीबाईंनी नळी उजेडात धरली. लिंबाच्या सरबतासारखं, आरपार. बाईंचा चेहरा उजळला. "देवकर, वर्षभर असं पाळणारा पेशंट मला दुसरा मिळाला नाही. यात्रेत जपा, एवढंच."

मामी बसस्टँडवर उतरल्या, दुकानातून पावशेर पेढे घेतले आणि पहिला पेढा स्वतः मामांच्या तोंडात घातला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

"यंदा काय बोलणार न्हाई मी," त्या म्हणाल्या. "आठ दिवस खावा काय खायाचं ते. कमावलंय तुमी."

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. पेढा तोंडात होता. माझ्या.

यात्रेच्या पहिल्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. मामांनी पाच खाल्ल्या, वर कटाची आमटी, वर दुधाची वाटी. दुसऱ्या दिवशी बकरं. दुपारी मळ्यात पंगत बसली होती; मदुराई, कोचीन, कटक, अमृतसर, सगळीकडचे शेठ मांडी घालून रांगेत. रश्श्यावर तेलाचा लाल तवंग होता. सकाळपासून बाटल्याही फिरत होत्या. मामा मधोमध बसून दुधीचं वर्णन करत होते आणि पंगत हसत होती.

"आरं, उकडलेला दुधी खाऊन बघा एकदा. जगायचं का न्हाई ह्याचा इचार करायला माणसाला लई येळ मिळतोय."

हशा संपायच्या आत ते थांबले. हातातली भाकरी ताटात ठेवली. दोन्ही हात पोटावर गेले. आणि ते पुढं वाकायला लागले, हळूहळू, पाडव्याच्या दिवशी वाकले होते तसेच. आजूबाजूच्यांना वाटलं, भैरोबाला नमस्कार घालतायत. एक-दोघांनी हातही जोडले.

मी ताटावरून उठलो तेव्हा त्यांचं कपाळ रश्श्याला टेकलं होतं.

जीपमधून विट्याला, आणि साळवीबाईंनी बघताक्षणी तिथून मोठ्या शहराच्या रुग्णालयात. मामा मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. अंग गार, घामानं निथळत होतं. मामी त्यांचं डोकं धरून बसल्या होत्या, आणि मांडीवर ती प्लॅस्टिकची पिशवी.

रुग्णालयातला डॉक्टर तरुण होता. दमलेला, पण नीट विचारणारा. रक्त घेतलं, सलाइन लावलं. "आधी काही आजार?"

मामींनी पिशवी पुढं केली. "एक वर्सामागं ते ट्रायग्लि... ते वाढलं हुतं. आता काय न्हाई. समदं पाळलंय त्यांनी. परवाच केलंय, दीडशे हाय. बघा की."

डॉक्टरनं चारही कागद एकापुढं एक टेबलावर मांडले. दोनशे शहाऐंशी, दोनशे एक्केचाळीस, एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे चौसष्ट. त्याचा चेहरा निवळला. "हे चांगलं आहे. मग दुसरं कारण शोधू. पित्ताशयातला खडा असेल." त्यानं सोनोग्राफी सांगितली.

तेवढ्यात आतून नर्स आली. तिच्या हातात नळी होती. ती मला लांबूनच दिसली.

"सर, हे सँपल बघा."

"हे कुणाचं?"

"देवकर, गजानन."

"शक्य नाही. परवा एकशे चौसष्ट होतं. लेबल बदललं असेल. पुन्हा रक्त घ्या, पुन्हा लावा."

"सर, लेबल मी स्वतः..."

"पुन्हा घ्या."

नर्स परत गेली. दुसरं रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, उत्तर यायचं; तोपर्यंत सोनोग्राफीची रांग. पडद्याआड मामा कण्हत होते. मध्येच कण्हणं थांबलं. मी पडदा बाजूला केला. ते माझ्याकडंच बघत होते. तोंडावर मास्क होता, पण डोळे अगदी स्वच्छ होते. त्यांनी हात वर उचलला. माझं मनगट धरलं आणि मान हलवली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

सांगू नको.

मी त्यांचा हात सोडवून घेतला. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

बाहेर डॉक्टर फोनवर होता. मामी बाकावर बसून कागद क्रमानं लावत होत्या. मला डॉक्टरशी बोलायचं होतं, पण मी मामींसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांना नळ्या आणि आकडे समजावत बसायला वेळ नव्हता. आणि धाडसही नव्हतं.

"मामी," मी म्हणालो, "कोपरा धुतलेला हुता."

त्यांनी वर पाहिलं.

"चारी येळंला?"

"चारी येळंला. सहा-सहा दिवस."

"आन् मधनं?"

"मधनं तसंच."

मामी उठल्या. त्यांनी माझ्या तोंडात मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं. त्या सरळ डॉक्टरपुढं गेल्या, त्याच्या कानावरचा फोन हातानं बाजूला केला आणि म्हणाल्या, "त्यो कागद खोटा हाय. नळी खरी हाय. दुधाची हाय ना? तीच आमची."

डॉक्टर धावला. पुढचं सगळं भराभर झालं. मामांना अतिदक्षता विभागात हलवलं, रक्तातली चरबी खाली आणायला इन्शुलिन सुरू केलं, मोठे डॉक्टर आले. संध्याकाळी आकडा कळला. चार हजार दोनशे. मोठ्या डॉक्टरांनी मामींना बाजूला घेऊन समजावलं की ते जेवण अन् आमचा इथला गोंधळाचा तास, यांतलं काय जास्त महागात पडलं हे आता सांगता येणार नाही. ते हे दयेपोटी बोलले. मला तो तास आजही मोजता येतो.

मामा नवव्या दिवशी गेले. शेवटचे चार दिवस शुद्ध नव्हती. त्याआधी एकदा मला आत सोडलं होतं. ते बोलू शकत नव्हते. मी म्हटलं, "मामा, मी सांगितलं." त्यांनी डोळे मिटले. त्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

दिवस झाले. तेराव्याला पाहुणे गेल्यावर मामींनी मला ओसरीवर बोलावलं. माझी परतीची तयारी नव्हती; दुकान बंद, हे मी धरून चाललो होतो. मामींनी मदुराईच्या किल्ल्या माझ्यापुढं ठेवल्या. प्लॅस्टिकची पिशवीही ठेवली. रिकामी.

"दुकान चालीव," त्या म्हणाल्या. "कागद मला येत ऱ्हायला पायजेत."

"कुणाचे?"

"तुझे. तुझा आजा, ह्यांचा बा, असाच गेला हुता, जेवता जेवता. तवा कुणाला काय कळत हुतं? मामाचा भाचा आन् आजाचा नातू तू. तपासून घे."

तपासलं. माझं पहिलंच पाचशे वीस निघालं. तिशीत. मामा गेल्याचा महिना नव्हता झाला.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. रोजची गोळी घेतो, साखर सोडली, बाटलीला हात लावत नाही, तळ्याभोवतीच्या फेऱ्या चुकवत नाही. ह्यात माझा मोठेपणा काही नाही. मामी पंचाहत्तरीला आल्या आहेत, गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, पण तारीख त्या ठरवतात, आणि ती आधी सांगत नाहीत. कधी चार महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांनी. एकदा माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी. एकदा लागोपाठ दोन आठवडे. संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन वाजतो, पलीकडून नमस्कार-चमत्कार काही नाही.

काल दिवाळीचा चौथा दिवस होता. शेजारच्या गलाईवाल्याकडं फराळाला बसलो होतो. बायको समोर, तिच्यासमोर मोठं ताट. मी अख्ख्या दिवाळीत काही तोंडात घातलं नव्हतं, आणि घरच्यांचा आग्रह, एक करंजी खाल्ली तर काय होतं. अर्धी मोडून हातात घेतली होती.

फोन वाजला.

"उद्ध्या," मामी म्हणाल्या, "उद्या सकाळी उपाशी जा."